स्वयंपाकाआधी विचारा, पानं किती?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण आहे तुमच्या-माझ्या रोजच्या कामाचाच.

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." हे वाक्य आपण आता पावसापाण्यासारखं मान्य करून टाकलंय. उत्पन्नाचा दाखला असो, शिष्यवृत्ती असो, पीक विमा असो की भरतीचा अर्ज. शेवटचे तीन दिवस आले की पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागतं. मग मुदतवाढीची बातमी येते, आणि मुदतवाढीच्या शेवटच्या दिवशी पुन्हा तेच चक्र.

मी आमच्या भागातल्या ओळखीच्या पोरापोरींचे फॉर्म गेली काही वर्षं भरून देतो. त्यातले निम्मे रात्री दोनच्या पुढे भरलेत, कारण साइट तेव्हाच चालते. पोरं तरी जागतात. पण मजुरीवर जाणारी बाई एक दिवस बुडवून केंद्रावर येते, चार तास बसते आणि हात हलवत परत जाते. तिचे त्या दिवसाचे पैसे कुणी देत नाही. आणि तीही म्हणते, "मशीनच बंद, त्याला कोण काय करणार?"

मला खटकतं ते हेच. यंत्रावर भार किती पडणार आणि ते किती पेलणार, हा नशिबाचा भाग नाही. ते यंत्र कागदावर आखलं जात असतानाच ठरतं. त्या वेळी कुणी विचारलं नाही, तर पुढे कितीही पैसे ओता, दुखणं मुळातून जात नाही. याचा शंभर वर्षांहून जास्त इतिहास आहे. आज तोच सांगतो.

आचाऱ्याचा पहिला प्रश्न

लग्नाचा स्वयंपाक सांगायला गेलात की आचारी मेनूच्या आधी काय विचारतो? "पानं किती?" आणि अनुभवी असेल तर लगेच पुढचं, "एका पंगतीला किती बसतील?"

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पाचशे पानं दिवसभरात उठायची असतील तर दोन वाढपी आणि एक चूल पुरेल. तीच पाचशे पानं एकदम बसणार असतील तर भांडी वेगळी, माणसं वेगळी, मांडवसुद्धा वेगळा. हा आकडा चूल पेटवायच्या आधी लागतो. पंगत बसल्यावर मोठं पातेलं शोधून उपयोग नाही.

कॉम्प्युटरच्या भाषेत याला परफॉर्मन्सचा विचार म्हणतात. एका वेळी किती जण येणार, प्रत्येकाला किती वेळात उत्तर मिळालं पाहिजे, आणि आकडा दुप्पट झाला तर काय करायचं. बस्स, एवढंच.

कोपनहेगनचा गणितज्ञ

हा प्रश्न गणितात नेमका मांडला तो डेन्मार्कच्या आग्नर क्रारुप एर्लांगने. जन्म १८७८ चा, पेशाने आधी शिक्षक. १९०८ साली तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला लागला. कंपनीपुढचा पेच साधा होता. शहरात ग्राहक हजारो, पण ते सगळे एकदम फोन करत नाहीत. मग तारा किती टाकायच्या आणि ऑपरेटर किती ठेवायचे? कमी ठेवले तर लोकांना लाइन मिळत नाही. जास्त ठेवले तर पैसा वाया.

एर्लांगने १९०९ मध्ये दाखवलं की फोन कधी येतील हे एकेकाचं सांगता आलं नाही, तरी सगळ्यांचं मिळून संभाव्यतेच्या गणिताने सांगता येतं. १९१७ मध्ये त्याने सूत्रं दिली. अमुक इतके फोन येत असतील आणि तमुक इतक्या लाइनी असतील, तर शंभरातल्या कितींना "लाइन व्यस्त" ऐकावं लागेल, हे एक्स्चेंज उभं राहायच्या आधी कागदावर काढता येऊ लागलं. टेलिफोनचा भार मोजायच्या एककाला पुढे त्याचंच नाव मिळालं.

या गणितातली एक गोष्ट प्रत्येक नागरिकाने लक्षात ठेवावी. समजा एक खिडकी आहे, माणसामागे सरासरी एक मिनिट लागतं आणि लोक आपापल्या सोयीने, कधीही येतात. खिडकी निम्मा वेळ कामात असेल तर माणूस सरासरी २ मिनिटांत मोकळा होतो. ८० टक्के वेळ कामात असेल तर ५ मिनिटं. ९० टक्क्यांना १० मिनिटं. ९५ टक्क्यांना २० मिनिटं. आणि १०० टक्क्यांना रांग संपतच नाही, वाढत जाते.

बघा, ९० वरून ९५ म्हणजे काम जेमतेम वाढलं, पण थांबणं दुप्पट झालं. म्हणून "काल तर साइट चालत होती, आज अचानक काय झालं" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "अचानक काहीच झालं नाही" असं असतं. ती काठावरच होती. थोडे लोक वाढले आणि कोसळली. हे गणित १९१७ पासून छापील आहे, नवं काही नाही.

दोन स्मिथ आणि विमानाची तिकिटं

आता अमेरिकेत, १९५० च्या दशकात. विमानाचं आरक्षण तेव्हा कार्डांवर चालायचं. फोन आला की कारकून कार्ड शोधणार, जागा आहे का पाहणार, खूण करणार. प्रवासी वाढले तशी ही पद्धत मोडकळीला आली.

१९५३ साली लॉस एंजेलिसहून न्यू यॉर्कला जाणाऱ्या विमानात अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे विक्री प्रतिनिधी ब्लेअर स्मिथ शेजारी बसले. आडनाव एकच निघालं म्हणून बोलणं सुरू झालं, आणि त्यातून 'सेबर' ही आरक्षण यंत्रणा जन्मली. १९५७ मध्ये रीतसर करार झाला, १९६० मध्ये पहिला भाग चालू झाला आणि १९६४ पर्यंत कंपनीचं सगळं आरक्षण त्यावर गेलं. खर्च सुमारे ४ कोटी डॉलर, म्हणजे त्या काळात प्रचंडच.

यातलं महत्त्वाचं हे, की दिवसाला सुमारे ८३,००० फोन कॉल पेलायचे, हे सेबरच्या मागणीपत्रातच होतं. उत्तर काही सेकंदांत हवं, कारण फोनवर गिऱ्हाईक थांबलेलं आहे. हे आधी ठरलं आणि बाकी सगळं त्यावरून आखलं गेलं. म्हणून मोठे कॉम्प्युटर दोन घेतले, एक कामाला आणि दुसरा पहिला बंद पडला तर. म्हणून एजंटांनी लांब वाक्यं न लिहिता आखूड संकेत टंकायचे असं ठरलं.

त्या आयबीएम ७०९० कॉम्प्युटरची मुख्य स्मृती तुमच्या मोबाइलमधल्या एका फोटोहूनही कमी होती. तरी तो अख्ख्या विमान कंपनीचं आरक्षण सांभाळत होता. कारण बांधणाऱ्यांनी "पानं किती?" हे आधी विचारलं होतं.

आणि सगळ्यात श्रीमंत देशाची फजिती

आता उलटं उदाहरण. हे माझ्या मते प्रत्येक अधिकाऱ्याला शिकवायला हवं.

अमेरिकेत मार्च २०१० मध्ये आरोग्य विम्याचा नवा कायदा झाला, लोक त्याला 'ओबामाकेअर' म्हणतात. विमा नसलेल्यांनी एका सरकारी संकेतस्थळावर यावं, योजना पाहाव्यात, अर्ज करावा अशी कल्पना. नाव 'हेल्थकेअर डॉट गव्ह'. तयारीला साडेतीन वर्षं होती. कामाला पन्नासहून जास्त कंत्राटदार. मुख्य कंत्राट सुरुवातीला ५ कोटी ६० लाख डॉलरचं होतं, ते २०१४ च्या फेब्रुवारीपर्यंत २० कोटी ९० लाखांच्या वर गेलं.

१ ऑक्टोबर २०१३ ला साइट उघडली. पहिल्या २४ तासांत ४७ लाख लोक आले. त्यातल्या कितींचा विमा पूर्ण झाला असेल? ६. सहा लाख नाही, सहा हजार नाही. सहा माणसं! पुढे तिथल्या संसदीय समितीने बाहेर काढलेल्या कागदपत्रांतून हा आकडा जगाला कळला.

चूक कुठे झाली? लोक जास्त आले हे खरं. एका वेळी ५०-६० हजारांची अपेक्षा होती, आले अडीच लाख. पण तेवढ्यावर भागत नाही. उघडायच्या काही दिवस आधीच्या चाचणीत काहीशे लोकांच्या नकली गर्दीलाच यंत्रणा बसली होती, हे नंतर वर्तमानपत्रांतून उघड झालं. सगळे भाग जोडून संपूर्ण चाचणी झाली ती शेवटच्या दोन आठवड्यांत, असं कंत्राटदारांनीच संसदेपुढे सांगितलं. तुकडे प्रत्येकाने आपापले केले. सगळ्यांचा मिळून भार कोण पेलणार, हे कुणाच्याच ताटात वाढलेलं नव्हतं.

आणि एक निर्णय तर फारच बोलका आहे. आधी ठरलं होतं की लोकांना खातं न उघडता योजना आणि दर नुसते बघता येतील. ती सोय सुरुवातीलाच काढून टाकली. म्हणजे ज्याला फक्त दर बघायचाय, त्यालाही आधी नोंदणी, ओळख पडताळणी, पासवर्ड. एका दारातून सगळा मांडव आत सोडायचा, आणि दारातच प्रत्येकाचं आधी नाव-गाव लिहून घ्यायचं. चेंगराचेंगरी दाराशीच झाली. तिथे सर्व्हर वाढवण्याहून दार बदलणं स्वस्त पडलं असतं. पण दार कुठे ठेवायचं हे घर आखताना ठरतं.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर चित्र अर्धवट राहील. सरकारने जेफ्री झाएंट्स यांना दुरुस्तीचं काम दिलं, बाहेरून अनुभवी अभियंते आणले, एकाच कंपनीवर सगळ्यांचा समन्वय सोपवला. यंत्रणा आत्ता कशी चालली आहे हे एका नजरेत दाखवणारा फलकच आधी धड नव्हता, तो लावला. रोज सगळ्यांची बैठक, दुरुस्त्यांची यादी, त्यातली मोठी दुखणी आधी. १ डिसेंबरला सरकारने जाहीर केलं की पान उघडायला सरासरी ८ सेकंद लागत होते ते आता १ सेकंदाच्या आत आलेत, आणि एका वेळी ५०,००० लोक पेलतात. एप्रिल २०१४ पर्यंत राज्यांच्या साइट धरून ८० लाख लोकांनी विमा निवडला.

म्हणजे काम अशक्य नव्हतं. जे प्रश्न २०११ मध्ये विचारायचे ते ऑक्टोबर २०१३ मध्ये विचारले, एवढंच. मधल्या दोन महिन्यांत आजारी माणसं पडद्याकडे बघत बसली, आणि चांगल्या योजनेची नाचक्की झाली ती वेगळी.

"आधी चालू तर होऊ द्या" म्हणणाऱ्यांसाठी

आयटीतले मित्र आता कमेंटमध्ये डोनाल्ड नूथचं नाव घेणार. वेळेआधीच वेग वाढवत बसणं हे सगळ्या दुखण्यांचं मूळ आहे, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं १९७४ पासून प्रसिद्ध आहे. ते बरोबरच आहे. पण त्यांचा रोख बारीकसारीक बचतींवर होता. बहुतेक ठिकाणी त्या सोडून द्या, पण जो मोजका भाग निर्णायक आहे तो सोडू नका, असं ते त्याच लेखात सांगतात. पुढचं अर्धं वाक्य गाळून पहिलं अर्धं मिरवायची आपल्याकडे सवय आहे.

घर बांधताना भिंतीचा रंग नंतर ठरवला तरी चालतो. जिना किती रुंद हे नंतर ठरवता येत नाही. कोणती माहिती लॉगिनशिवाय दाखवायची, अर्ज आधी घेऊन ठेवायचा आणि पडताळणी मागाहून करायची की माणसाला तिथेच थांबवून ठेवायचं, सगळ्या जिल्ह्यांनी एकाच रांगेत उभं राहायचं की वेगवेगळ्या, हे सगळे जिने आहेत. कोड लिहायला बसायच्या आधीचे.

आपल्या घरचं उदाहरण

आपल्याकडे हे कुणाला कळतच नाही असं मुळीच नाही. रेल्वेचंच बघा. १९८५ साली नवी दिल्लीत कॉम्प्युटरवर आरक्षण सुरू झालं, १९८६ मध्ये रेल्वेने या कामासाठी 'क्रिस' ही स्वतःची संस्था उभी केली. २००२ पासून आयआरसीटीसीवर घरबसल्या तिकीट मिळू लागलं. सकाळी तात्काळच्या वेळेला साइट गुडघे टेकायची, ते आपण सगळ्यांनी भोगलंय.

मग एप्रिल २०१४ मध्ये नवी यंत्रणा आली. जुनीची क्षमता मिनिटाला २,००० तिकिटांची, नवीची ७,२०० ची. आकडा जाहीर होता, म्हणून त्यावर बोलता येत होतं. पुढच्या वर्षी रेल्वेने आणखी एक गोष्ट केली. वातानुकूलित डब्यांचं तात्काळ १० वाजता आणि बाकीच्यांचं ११ वाजता. एका पंगतीच्या दोन पंगती केल्या! असल्या निर्णयाला नवा सर्व्हर लागत नाही, डोकं लागतं.

तात्काळ तिकीट आजही सहज मिळतं असं मी म्हणणार नाही. जागा शंभर आणि मागणारे दहा हजार असतील तर कुठलाही कॉम्प्युटर काही करू शकत नाही. पण "जागा संपल्या" आणि "साइट उघडलीच नाही" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात निदान सगळ्यांना सारखी संधी मिळते. दुसऱ्यात ज्याच्याकडे चांगलं इंटरनेट, मोकळा वेळ किंवा दलाल, त्याचं काम होतं. साइट बसते तेव्हा ती सगळ्यांसाठी सारखी बसत नाही, हे नीट समजून घ्या. गरीब आधी बाहेर फेकला जातो.

कोविडच्या लसीची नोंदणी आठवा. २८ एप्रिल २०२१, दुपारचे चार. १८ ते ४४ वयाच्या सगळ्यांसाठी कोविन एकाच मिनिटाला उघडलं. सुरुवातीला अनेकांचं पानच उघडेना, ओटीपी येईना. तरी त्या पहिल्या दिवसात सव्वा कोटीहून जास्त नोंदण्या झाल्या. म्हणजे भारतीय यंत्रणा एवढा भार पेलू शकते हे सिद्ध आहे. मग एखाद्या जिल्ह्याच्या काही हजार अर्जांना दम लागतो, तेव्हा "लोड फार आहे" हे उत्तर मला तरी पटत नाही.

तर करायचं काय?

नुसतं चिडून भागणार नाही. पुढच्या वेळी तुमच्या नगरपालिकेने, जिल्हा परिषदेने किंवा कुठल्या खात्याने नवं पोर्टल जाहीर केलं, उद्घाटनाचे फोटो आले, की पाच प्रश्न विचारा. ग्रामसभेत विचारा, नगरसेवकाला विचारा, माहितीच्या अधिकारात विचारा.

१. एका वेळी किती लोक येतील असं धरलंय? शेवटच्या दिवशी किती? सरासरी सांगू नका, पंगतीचा आकडा सांगा.

२. पान किती सेकंदांत उघडलं पाहिजे, हे निविदेत लिहिलंय का? लिहिलं नसेल तर कंत्राटदाराला जाब कशाच्या आधारावर विचारणार?

३. तेवढ्या गर्दीची चाचणी झाली का? कधी, कुणी केली, अहवाल कुठे आहे? ज्याने बांधलं त्यानेच पास करून घेतलं असेल तर ती चाचणी नव्हे.

४. भार वाढला तर काय बंद ठेवायचं आणि काय चालूच राहायला हवं, हे ठरलंय का? अर्धा भरलेला अर्ज जपून राहतो का, की पुन्हा पहिल्यापासून?

५. साइट बंद राहिली तर दंड कुणाला? आज तो दंड मजुरी बुडवून आलेली बाई भरते.

यातला एकही प्रश्न तांत्रिक नाही. कोडची एक ओळ न येणाराही हे विचारू शकतो. अधिकाऱ्यांवर राग काढण्यासाठीही हे नाही. त्यांच्यातले कित्येक जण स्वतः त्या चक्राकडे बघत बसतात आणि वरून लोकांचे बोल खातात. निविदेत आकडा असेल तर त्यांचेही हात बळकट होतात.

आणि मुदतवाढ मिळाली म्हणून टाळ्या वाजवणं आता बंद करूया. मुदतवाढ म्हणजे हिशेब चुकल्याची कबुली. ती द्यावीच लागते, पण तिच्यासोबत "किती धरले होते आणि किती आले" हे दोन आकडेही जाहीर झाले पाहिजेत. पुढच्या वर्षीची आखणी त्यावरून करता येते. नाहीतर दरवर्षी तीच पंगत, तेच अपुरं पातेलं.

तुमच्या भागात अशी कुठली सेवा शेवटच्या दिवशी हमखास बसते? कमेंटमध्ये तारीख, वेळ आणि काय दिसलं ते लिहा. कुणाचं नाव, आधार नंबर किंवा अर्ज क्रमांक टाकू नका. चांगली यादी जमली तर तिच्यावरूनच माहिती अधिकाराचा अर्ज तयार करू. मसुदा मी लिहितो, सह्या तुम्ही करा.